उंच वैरणीचे बीज : प्रस्तावना

पशुपालनावरील मराठी पुस्तके उघडून पाहिली, तर जनावरांच्या जाती, त्यांचे रोग, पैदाशीची पद्धत आणि दुधाचा हिशेब यांना त्यांत ऐसपैस स्थान मिळालेले दिसते. वैरणीचा विचार मात्र बहुधा अखेरीस येतो, आणि तेथेही तो ज्वारीचा कडबा, मका व नेपियरची कांडी एवढ्यावर आटोपतो. गवत बियाण्यापासून पेरून, पुरुषभर उंच वाढवून दावणीला घालता येते, त्या बियाण्याची निवड, साठवण, परीक्षा आणि पैदास यांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यापर्यंत अद्याप नीटशी पोहोचलेली नाही. प्रस्तुत ग्रंथ त्या कामी लिहिला गेला आहे, आणि त्याला प्रस्तावना लिहिण्याचे निमंत्रण मी म्हणूनच आनंदाने स्वीकारले.

ज्या कुणब्याने ज्वारीचे कणीस बियाण्यासाठी राखताना पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत तेल घालून निवड केली, त्यानेच गवताच्या बियाण्याकडे पाठ फिरवावी, याचा उलगडा त्याच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. कारण गवताच्या स्वभावातच आहे. धान्याच्या पिकात जे खायचे तेच पेरायचे असते. खळ्यावर रास पडली की तीतूनच पुढच्या सालाचे बियाणे बाजूला काढता येते. वैरणीच्या पिकाचे तसे नाही. गवत फुलोऱ्यावर येता येता कापले तर ते रसाळ, पाचक आणि प्रथिनयुक्त राहते. तेच दाणा भरेपर्यंत उभे ठेवले तर पानांतील सत्त्व उतरते, ताट राठ होते, आणि गाय ते तोंडाने उसपून टाकते. म्हणजे जो उत्तम वैरण कापतो त्याच्या हाती बी लागत नाही, आणि जो बी धरतो त्याच्या दावणीला निकृष्ट काड येते. या पेचामुळे वैरणीची शेती आणि वैरणीच्या बियाण्याची शेती या दोन वेगळ्या वृत्ती ठरतात. आणि जेथे दुसरी वृत्ती रुजली नाही तेथे पहिलीही फोफावत नाही, असा माझा या विषयासंबंधीचा मुख्य सिद्धांत आहे. महाराष्ट्रातील वैरणीच्या टंचाईचा विचार करताना आपण पाऊस, पाणी आणि जमीन यांची चर्चा पुष्कळ करतो. बियाण्याची करीत नाही.

वैरणीची चिंता आपल्याकडे नवी नाही. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणनजीक हालवर्ण येथे छावणी करून असलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना जे पत्र पाठविले, त्यात पावसाळ्यासाठी जमा केलेले दाणावैरण आताच मनास येईल तसे खर्च केले तर ऐन पर्जन्यकाळी ते मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग लोक कुणब्यांच्या घरचे धान्य व गवत ओढू लागतील, असा स्पष्ट इशारा आहे. गंजीजवळ आगट्या करू नयेत, दिव्याची जळती वात उंदराने नेली तर सारी वैरण भस्म होईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ती दक्षता जाते. परंतु हे सारे शहाणपण साठवणीचे आणि राखणीचे आहे. पेशवाईत पागेसाठी कुरणे राखली जात, त्यांवर पहारे बसत, कापणीचा हिशेब दफ्तरात चढे. कुरणात बी टाकावे, ही कल्पना त्या व्यवस्थेत शिरण्याचे कारण नव्हते, कारण माळ विपुल होता आणि मृगाचा पाऊस पडला की तो आपला आपण हिरवा होई.

ही विपुलता इंग्रजी अमलात आटली. जंगलखाते स्थापन झाले, डोंगरउतारांवरची चराई परवान्याखाली आली, कुरणांचे लिलाव होऊ लागले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गावच्या गुरांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद झाली खरी, पण त्याच सुमारास, १८८३ मध्ये, महात्मा फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते, आणि गायराने जंगलखात्याने गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांवर काय प्रसंग गुदरला आहे, हे त्यांनी त्या ग्रंथात तळमळीने मांडले. सरकारने स्वतःच्या जनावरांची सोय तेवढी पाहिली: लष्करी घोड्यांसाठी छावण्यांच्या आसपास राखीव गवताची शेते झाली, आणि १८८९ मध्ये अलाहाबादेस पहिला लष्करी पशुक्षेत्राचा प्रपंच उभा राहिला. रयतेच्या वैरणीचा प्रश्न अखिल भारतीय पातळीवर साकल्याने तपासला गेला तो लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाकडून. १९२८ च्या अहवालात या आयोगाने एक दुष्टचक्र दाखवून दिले: चारा अपुरा म्हणून जनावर दुबळे, दुबळे म्हणून कामाला अधिक जनावरे ठेवावी लागतात, आणि ती अधिक म्हणून चारा आणखी अपुरा. या निदानात आज शंभर वर्षांनीही फारसा फेरफार करावा लागत नाही.

शास्त्रीय अभ्यासाची धारा याच काळात वाहू लागली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस धर्मोपदेशक एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी मॅकॅन यांनी मुंबई इलाख्यातील गवतांवर जो ग्रंथ सिद्ध केला, तो १९३५ मध्ये, ब्लॅटर यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. सह्याद्रीच्या उतारावर उगवणाऱ्या गवताला शास्त्रीय नावागावाने ओळखण्याची सोय त्यामुळे झाली. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये झाशी येथे भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. देशभरच्या गवताळ प्रदेशांची पाहणी करून दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये त्यांचे पाच मुख्य प्रकार ठरविले. त्यांपैकी शेडा आणि मारवेल यांच्या कुळाचा प्रकार हा दख्खनच्या पठाराचा. आपल्या माळावर चांगली राखण असली की शेडा, पवना, डोंगरी, मारवेल ही सकस गवते तग धरतात, आणि राखण सुटली की त्यांच्या जागी कुसळी येते, जिची अणकुचीदार कुसळे मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात, हे प्रत्येक धनगर जाणतो. या पाहणीने ते शास्त्राच्या भाषेत मांडले.

युरोपात बियाण्याच्या प्रश्नाकडे लक्ष आधी गेले, आणि ते फसवणुकीमुळे गेले. अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडातील शेतकरी गवताच्या माळ्यावरची झाडलोट शेतात फेकत असे, आणि त्यातून जे उगवेल ते आपले, अशी त्याची वृत्ती होती. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्या वोबर्न येथील बागेत जॉर्ज सिंक्लेअर यांनी एकेक जातीचे गवत वेगळे पेरून, कापून, तोलून पाहिले, आणि १८१६ मध्ये त्या प्रयोगांचा ग्रंथ छापला. गवताला पीक म्हणून तोलण्याच्या पहिल्या मोठ्या उद्योगांपैकी हा एक. पुढे व्यापारी गवताच्या बियाण्यात वाळू, फोल आणि मेलेले बी बेलाशक मिसळू लागले, तेव्हा जर्मनीत थारांट येथे नोबे यांनी १८६९ मध्ये बीजपरीक्षेचे पहिले केंद्र काढले. बियाणे तपासून घेण्याची जी पद्धत आज सर्व पिकांना लागू आहे, तिच्या उगमाशी असे चाऱ्याचे बीही आहे.

उष्ण प्रदेशातील उंच गवतांचा इतिहास याहून वेगळा आणि मला अधिक मनोवेधक वाटतो, कारण तो प्रायः आफ्रिकेचा इतिहास आहे. आज जगाच्या उष्ण भागात जी उंच गवते जनावरांना पोसतात, त्यांतील बहुतेक आफ्रिकेच्या सव्हानांतून निघाली. १९०९ मध्ये खार्टूमहून अमेरिकेच्या शेतखात्याकडे एका गवताचे अर्धा पौंड बी पाठविण्यात आले. टेक्सासमधील चिलिकोथी येथे ते पेरले गेले, आणि त्या अर्ध्या पौंडातून जे सुदान गवत वाढले ते अवघ्या काही वर्षांत कोरडवाहू अमेरिकेचे प्रमुख वैरणपीक झाले. गिनी गवताची कथा याहून लांबलचक आहे. ते गुलामांच्या व्यापाराच्या काळात अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीज व ब्राझीलमध्ये गेले, अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आले, आणि १९६० नंतरच्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञांनी केनिया व टांझानियात फिरून त्याचा मोठा संग्रह केला. तो संग्रह १९८२ मध्ये ब्राझीलच्या सरकारी संशोधन संस्थेच्या हाती आला, आणि त्यातून निवडलेल्या ‘टांझानिया’ व ‘मोंबासा’ या जाती १९९० आणि १९९३ मध्ये प्रसृत झाल्या. ब्राझीलमधील गोपालन आज बियाण्यापासून पेरलेल्या गवतावर उभे आहे, आणि गवताचे बी हा त्या देशाचा एक मोठा व्यापारी माल आहे.

गिनी गवताच्या बियाण्याचा एक गुण येथे सांगितलाच पाहिजे. त्याचे बहुतांश बी परागाच्या फलनाशिवाय तयार होते, म्हणजे त्या बियाण्यातून येणारे रोप हुबेहूब आईसारखे असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ, कारण उत्तम जातीचे घरचे बी धरले तरी गुण घसरत नाही. पैदासकाराच्या दृष्टीने मात्र तीच अडचण, कारण संकर करायचा तर फलन हवे. पूर्व आफ्रिकेत फलनाने बी धरणारी मोजकी झाडे सापडली तेव्हाच ती कोंडी फुटली. नेपियरचे याच्या उलट. बाजरी आणि नेपियर यांचा संकर आपल्याकडे १९५३ मध्ये कोइमतूर येथे सिद्ध झाला, पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘यशवंत’ व ‘जयवंत’ या जाती दिल्या, आणि ठिबकाखालच्या पट्ट्यांत त्यांनी दूधधंद्याला मोठा आधार दिला. परंतु दोन जातींच्या गुणसूत्रांचा मेळ न बसल्यामुळे हा संकर वांझ आहे, आणि त्याची लागवड ठोंबाने किंवा कांडीनेच होते. ज्याच्या गावात कांडी नाही त्याला टेंपोभर ठोंबे दुरून आणावी लागतात. गिनीचे एका हेक्टरला पुरेल इतके, अडीच-तीन किलो बी, सायकलच्या पिशवीत येते.

तरीही नेपियर सर्वत्र दिसते आणि गिनी क्वचित, याचे कारण पुन्हा बीच. गिनीच्या लोंबीतील सारे दाणे एकदम पिकत नाहीत. शेंड्याकडून पिकत येतात आणि पिकताच गळतात. लवकर कापले तर दाणा पोचट, उशीर केला तर तो जमिनीवर. ब्राझीलमध्ये गवत कापून बाजूला सारतात आणि जमिनीवर पडलेले बी यंत्राने झाडून गोळा करतात. थायलंडच्या ईशान्य भागातील लहान शेतकऱ्यांनी याहून नाजूक रीत बसविली आहे: उभ्या झाडांच्या लोंब्या चार-सहा मिळून एकत्र बांधायच्या, आणि रोज सकाळी त्या जित्या पेंड्या कापडावर अलगद ठोकून पिकलेले तेवढे बी झाडून घ्यायचे. घरातील वडीलधाऱ्यांना व बायाबापड्यांना जमणारे हे काम आहे, आणि तेथील कित्येक कुटुंबांनी भाताच्या जोडीला ते उत्पन्न म्हणून स्वीकारले आहे. असे गोळा केलेले बीसुद्धा तळहातावर चोळून पाहिले, तर बरेचसे फोल निघते; चोळताना जो बारीक, टणक, चकाकणारा दाणा बोटाला लागतो तोच खरा. शिवाय ताजे बी झोपी गेलेले असते: ते काही महिने कोरड्या जागी ठेवल्यावाचून नीट उगवत नाही. ताजे बी विकत घेऊन, ज्वारीसारखे चार बोटे खोल पेरून, उगवले नाही म्हणून गवतालाच दोष देणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि त्यांना योग्य सांगणारे कोणी नव्हते याचे मला वाईट वाटते. हे बी भुसभुशीत वाफ्यात, चाळलेल्या शेणखतात किंवा वाळूत मिसळून, जेमतेम मातीआड करायचे असते, आणि तीन-चार आठवड्यांची रोपे सरीवर लावली तर ती निश्चित धरतात.

ज्वारीचे प्रकरण या ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचे आहे असे मला वाटते, कारण दख्खनमध्ये उंच वैरणीचे बी म्हणजे अखेर ज्वारीचे बी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात निवडलेली मालदांडी आजही रब्बीत पेरली जाते, ती केवळ भाकरीच्या चवीमुळे नव्हे. तिचा कडबा जनावर आवडीने खाते म्हणून. १९६४ मध्ये पहिली संकरित ज्वारी आली, तिने धान्याची रास वाढविली, पण ताट ठेंगणे झाले आणि कडबा घटला. शास्त्रज्ञांनी कणीस मोजले आणि शेतकऱ्याने पेंढी मोजली, असा तो विसंवाद होता, आणि माझ्या मते शेतकऱ्याचे मोजमाप अधिक पूर्ण होते. कडवळासाठी ज्वारी दाट पेरतात, धान्याला हेक्टरी दहा-बारा किलो बी लागते तेथे चाळीस किलोपर्यंत घालतात, म्हणजे ताटे बारीक, लुसलुशीत राहतात. तिचा धोका सर्वविदित आहे: कोवळ्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, आणि खोडव्याचे फुटवे खाऊन जनावर फुगत, धापा टाकत तासाभरात मरते. त्यालाच किराळ लागणे म्हणतात. पीक फुलोऱ्यावर आल्याखेरीज कापू नये, हा नियम लेखकाने ठिकठिकाणी सांगितला आहे. वारंवार सांगण्याचा दोष पत्करूनही त्याने ते केले, हे योग्यच झाले.

या क्षेत्रातील विचारांचे तीन मुख्य पंथ आहेत. एक पंथ नैसर्गिक कुरणाचा: राखण, चराईवर बंधन, आणि शेडा-पवन्याचे बी शेणमातीच्या गोळ्यांतून पुन्हा माळावर टाकणे. दुसरा वैरणपिकांचा: ज्वारी, मका, बाजरी, ओट यांना फेरपालटीत हक्काची जागा देणे. तिसरा बहुवर्षायू गवताचा: एकदा लावून वर्षानुवर्षे कापत राहणे, आणि त्यात लसूण घास, स्टायलो यांसारखी द्विदल सोबतीला ठेवणे. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे उभारलेल्या बाएफने संकरित गाईंबरोबर वैरणीचाही प्रसार केला, त्यामुळे तिसऱ्या पंथाला महाराष्ट्रात बळ मिळाले. लेखकाचा कल उघडपणे दुसऱ्या आणि तिसऱ्या पंथाकडे आहे. पहिल्याविषयी त्याने जे लिहिले आहे ते मला अपुरे वाटते, आणि हा मतभेद येथे नोंदविणे मी कर्तव्य समजतो. अंजन गवत ऑस्ट्रेलियात आणि मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात कुरणासाठी पेरले गेले, आणि तेथील मूळ वनस्पती हटवून पसरले; हवाई बेटांत पडीक मळ्यांवर माजलेल्या गिनी गवतासारख्या परक्या गवतांनी २०२३ मधील लाहैनाच्या वणव्याला इंधन पुरविले. अंजन आपल्या देशाचे आहे, गिनी परके. पण बांधाआड, विळ्याच्या टप्प्यात दोन्ही उपकारकच आहेत. नान्नजसारख्या माळढोकाच्या माळावर, किंवा कोकणातील कातळसड्यावर उंच गवताचे बी फेकण्याचा मोह मात्र कोणत्याही खात्याला होऊ नये.

हा विषय आजच निकडीचा का, याचे उत्तर लांब नाही. २०१९ च्या गणनेनुसार देशात त्रेपन्न कोटींवर पशुधन आहे, आणि लागवडीखालील जमिनीपैकी जेमतेम चार टक्के वैरणीला मिळते. हा हिस्सा कित्येक दशके हललेला नाही. महाराष्ट्रात ज्वारीचे क्षेत्र सोयाबीन आणि उसाने खाल्ले, तसा कडबा महागला. गायराने अतिक्रमणांत आणि सरकारी इमारतींत गेली. दुधाच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो, आणि हिरवी वैरण नसली की पेंडेची पोती वाढतात. १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारे अजून हयात आहेत. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये माण, खटाव, सांगोला या तालुक्यांनी चारा छावण्या पाहिल्या, तेथे दावणीला उसाचे वाढे आणि ऊस पडत होता. छावणीवर जो खर्च होतो त्याचा अल्पसा भाग आधीच्या चांगल्या वर्षी तालुक्यातालुक्यांत बीजमळ्यांवर झाला असता, तर काय झाले असते, हा प्रश्न शासनाने स्वतःला विचारला पाहिजे.

प्रस्तुत ग्रंथाचा यत्न नेमका या ठिकाणी आहे. तो गवतांचा कोश नव्हे, आणि दूधधंद्याचे मार्गदर्शकही नव्हे. बी विकत घेण्यापासून ते स्वतःचे बी धरण्यापर्यंतचा मार्ग एका लहान शेतकऱ्याला एकट्याने चालता यावा, एवढ्यासाठी तो लिहिला आहे. म्हणून त्यात उगवणशक्ती ओल्या गोणपाटावर कशी पाहावी हे विस्ताराने आहे, आणि सुधारित जातींच्या याद्या थोडक्यात. भाषा शेतकऱ्याची आहे, आणि जेथे शास्त्रीय संज्ञा अटळ आहे तेथे ती समजावून मग वापरली आहे. उत्पन्नाचे आकडे सांगताना लेखकाने जो संयम पाळला आहे, तो या प्रकारच्या पुस्तकांत दुर्मीळ आहे: बागायती काळ्या जमिनीवरचे आकडे मुरमाड माळाला लावण्याचे पाप त्याने केलेले नाही.

वाचकाला एकच विनंती आहे. पहिल्या वर्षी एकरभर गवत लावू नका. विहिरीजवळ एका गुंठ्यात वाफा करा, वळवाच्या पावसानंतर बी टाका, दोन-तीन कापण्या घ्या, आणि दसऱ्यानंतर एक ओळ विळा न लावता बियाण्यासाठी उभी ठेवा. त्या ओळीचे बी पुढच्या मृगापर्यंत कोरड्या मडक्यात ठेवून शेजाऱ्याला द्या.